शोधप्रबंधाचा मार्गदर्शक : नियमातील पात्रता आणि नियमापलीकडची

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन्ही शहरांच्या साधारण मध्यावर सौंसर लागते. त्याच्याजवळचे जामसांवली हे गाव पहुडलेल्या हनुमानाच्या मूर्तीमुळे दोन्ही राज्यांत ठाऊक आहे. मंगळवारी आणि शनिवारी तेथे नागपूरकडची व छिंदवाड्याकडची माणसे एकाच रांगेत उभी असतात. रांगेत कानावर पडणारे बोलणे कधी मराठी असते, कधी हिंदी. आणि पुष्कळदा एकाच वाक्याची सुरुवात मराठीत होऊन शेवट हिंदीत होतो. आपल्याला त्यात नवल वाटत नाही. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तेथे वर्षानुवर्षे पुरेल एवढे काम दिसते.

समजा, याच परिसरातील एका विद्यार्थिनीने एम.ए. झाल्यावर ठरवले की, सौंसर आणि पांढुर्णा भागातील मराठी बोलीवर पीएच.डी. करायची. विषय तिच्या अंगणातला आहे. बोली तिच्या घरातली आहे. माहिती देणारी माणसे तिच्या नात्यातली आणि शेजारची आहेत. तरीही पहिल्याच पायरीवर तिला एक प्रश्न अडवतो : मार्गदर्शक कोण?

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. नियम कोणाला मार्गदर्शक मानतो, ही एक. आणि विद्यार्थ्याने कोणाला मार्गदर्शक मानावे, ही दुसरी. पहिली बाजू ठाऊक नसली तर नोंदणीच होत नाही. दुसरीकडे दुर्लक्ष केले तर नोंदणी होते, पण काम होत नाही. या लेखात दोन्हींचा विचार करायचा आहे.

शिकवण्याची पात्रता आणि मार्गदर्शनाची पात्रता

एम.ए.च्या वर्गाला शिकवणारा प्रत्येक अध्यापक पीएच.डी.साठी मार्गदर्शन करू शकतो, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. अध्यापकाच्या नेमणुकीची पात्रता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत आहे, तर मार्गदर्शकाची पात्रता आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत आहे. या दोन वेगळ्या नियमावल्या आहेत.

नेमणुकीच्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही मूळ अट आहे. विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकांसाठी पीएच.डी. सक्तीची करण्याचे ठरले होते. ती तारीख पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान अट राहिली. म्हणजे पीएच.डी. नसलेला अध्यापकही नियमाने एम.ए.ला शिकवू शकतो आणि उत्तम शिकवू शकतो. पीएच.डी.चा मार्गदर्शक मात्र तो होऊ शकत नाही.

सहयोगी प्राध्यापकासाठी पीएच.डी., आठ वर्षांचा अनुभव आणि किमान सात शोधलेख लागतात. प्राध्यापकासाठी पीएच.डी., दहा वर्षांचा अनुभव आणि किमान दहा शोधलेख लागतात. शिवाय आपल्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्याची पीएच.डी. यशस्वीपणे पूर्ण झाल्याचा पुरावाही द्यावा लागतो. मार्गदर्शनाचा अनुभव हा उल्लेख नेमणुकीच्या नियमांत येतो तो या सर्वांत वरच्या पायरीवर.

सीमेवरच्या विद्यार्थ्यांनी येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नेट ही परीक्षा देशभर चालते. २००२ च्या जूनपासून झालेल्या सेट परीक्षांची पात्रता मात्र ज्या राज्याची सेट, त्याच राज्यातील नेमणुकीपुरती असते. सौंसरचा विद्यार्थी नागपूरला शिकून महाराष्ट्राची सेट उत्तीर्ण झाला, तरी घरापाशी मध्यप्रदेशातील महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी ती पात्रता चालत नाही. हे उशिरा कळल्यामुळे हातची वर्षे वाया जाऊ नयेत, म्हणून सीमाभागातील विद्यार्थ्याने पहिला प्रयत्न नेटचाच करावा, हे बरे.

२०२२ ची नियमावली काय सांगते?

आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.ची नवी नियमावली जाहीर केली आणि २०१६ ची नियमावली मागे पडली. एम.फिल. ही पदवीही त्यानंतर बंद झाली. मार्गदर्शकासंबंधी या नियमावलीतील मुख्य तरतुदी अशा आहेत.

मार्गदर्शक हा त्या संस्थेचा कायम अध्यापक असला पाहिजे आणि त्याची स्वतःची पीएच.डी. झालेली असली पाहिजे. प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापक यांचे किमान पाच, तर सहायक प्राध्यापकाचे किमान तीन शोधलेख तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले असले पाहिजेत.

एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक विद्यार्थी असू शकतात. एखाद्या विभागात एक प्राध्यापक, एक सहयोगी आणि दोन सहायक प्राध्यापक असे चौघे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असतील, तर त्या विभागाची मर्यादा बावीस होते. विभागात एकच सहायक प्राध्यापक असेल तर ती चार होते. आणि त्या चार जागा भरल्या की पाचव्या विद्यार्थ्याला, त्याचा विषय कितीही चांगला असला तरी, थांबावे लागते.

ज्या अध्यापकाच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे, त्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. आधी नोंदलेल्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन तो निवृत्तीपर्यंत करतो आणि पुढे सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतो. मात्र वयाच्या सत्तरीपर्यंतच. या नियमामागचा हिशोब साधा आहे. पीएच.डी.ला किमान तीन आणि सामान्यतः कमाल सहा वर्षे दिली आहेत. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. एवढ्या काळात मार्गदर्शक बदलला तर विषयाचा धागा तुटतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

लग्नामुळे किंवा अन्य कारणाने विद्यार्थिनीला गाव बदलावे लागले, तर तिचे संशोधन दुसऱ्या संस्थेत नेण्याची तरतूदही नियमावलीत आहे. आपल्या भागातील अनेक मुलींची सासरे राज्याच्या सीमेपलीकडे असतात. त्यांच्यासाठी ही तरतूद फार मोलाची आहे आणि ती अध्यापकांनी त्यांना आधीच सांगून ठेवली पाहिजे.

शोधलेखांची अट आणि मराठी

शोधलेखांच्या अटीसमोर मराठीचे अध्यापक अडखळतात. विज्ञानात नियतकालिके पुष्कळ आहेत. मराठीत, त्यातही महाराष्ट्राबाहेर, तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणारी नियतकालिके मोजकी आहेत. आयोगाने गुणवत्तेसाठी २०१९ पासून केअर या नावाने नियतकालिकांची यादी चालवली होती. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके आजही आहेत. अशा ठिकाणी छापलेल्या तीन लेखांनी कागदावर अट पूर्ण होईलही. विद्यार्थ्याच्या पदरात त्यातून काही पडणार नाही.

मात्र २०२२ च्या नियमावलीत एक वाट आहे आणि ती फारशी वापरली जात नाही. ज्या विषयांत अशी नियतकालिके नाहीत किंवा फार थोडी आहेत, त्या विषयांत संस्थेला लेखी कारणे नोंदवून ही अट शिथिल करता येते. मराठीतील ज्या अध्यापकाने संपादन, कोशकार्य किंवा बोलींचे संकलन यांत आयुष्य घालवले, पण शोधलेखांची संख्या भरली नाही, त्याच्यासाठी ही तरतूद आहे. ‘लेखी कारणे नोंदवून’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. अध्यापकाने आपल्या कामाची नोंद नीट ठेवली आणि विभागाने ती नीट मांडली, तरच विद्यापीठाला कारण नोंदवता येईल. तोंडी विनंतीने यातले काही होत नाही.

विषय एका राज्यात, जाणकार दुसऱ्या राज्यात

आता जामसांवलीच्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. तिची अडचण समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतात होता. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ सुरू झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली; नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. २०१९ मध्ये छिंदवाड्यात विद्यापीठ स्थापन झाले, ते आज राजा शंकर शाह यांच्या नावाने ओळखले जाते. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

ग्रियर्सनने १९०५ च्या मराठी खंडात नागपुरी बोलीचा विचार केला, तेव्हा छिंदवाड्याकडचा मराठी मुलूख तिच्या प्रदेशात धरला होता. म्हणजे बोलीचा नकाशा एक होता आणि आजही बराचसा एकच आहे. विद्यापीठांचा नकाशा मात्र बदलत गेला. बोली सौंसरला आहे आणि तिच्या शास्त्रीय अभ्यासाची परंपरा नागपूरला, अशी विभागणी त्यातून झाली.

नियमानुसार मार्गदर्शक आपल्या विद्यापीठातील आणि त्याच्याशी संलग्न पदव्युत्तर महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाच मार्गदर्शन करू शकतो. दुसऱ्या संस्थेत तो फक्त सहमार्गदर्शक होऊ शकतो. वरवर पाहता ही अडवणूक वाटते. प्रत्यक्षात ‘सहमार्गदर्शक’ हाच शब्द आपल्या विद्यार्थिनीच्या उपयोगाचा आहे. सक्षम अधिकाऱ्यांच्या मान्यतेने सहमार्गदर्शक त्याच विभागातील, दुसऱ्या विभागातील किंवा दुसऱ्या संस्थेतील असू शकतो. म्हणजे तिच्यापुढे निदान दोन वाटा आहेत. नागपूरला मराठीच्या विभागात नोंदणी करून क्षेत्रकार्य आपल्या गावात करायचे, ही पहिली. आपल्या राज्यातील विद्यापीठात हिंदी, समाजशास्त्र किंवा भाषाविज्ञान यांपैकी जेथे विषय बसेल तेथे नोंदणी करायची आणि नागपूरकडील मराठीचा जाणकार सहमार्गदर्शक म्हणून मागायचा, ही दुसरी. दुसऱ्या वाटेने गेल्यास बोलीचे द्विभाषिक रूप अधिक नीट हाताळले जाण्याचा संभव आहे. कारण ज्या वाक्याचा शेवट हिंदीत होतो, त्याची तपासणी हिंदीच्या जाणकारानेही करायला हवी. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ झाल्यामुळे पांढुर्णा, वरूड, मोर्शी या बाजूनेही विचारपूस करता येईल.

नियमाच्या बाहेर राहिलेले शिक्षक

मार्गदर्शक कायम अध्यापकच हवा, या अटीमुळे एक मोठा वर्ग बाहेर राहतो. मध्यप्रदेशातील शासकीय महाविद्यालयांत शिकवण्याचा पुष्कळ भार अतिथी विद्वान उचलतात. त्यांच्यापैकी अनेकांची नेट आणि पीएच.डी. झालेली असते, शोधलेखही असतात. तरी नोकरी कायम नसल्यामुळे त्यांना मार्गदर्शकाची मान्यता मिळत नाही. अटीमागे कारण आहे : सहा वर्षांच्या कामाची जबाबदारी घेणारा माणूस पुढच्या सत्रात त्या महाविद्यालयात असेल की नाही, याची खात्री नसते. पण याचा दोष त्या अध्यापकाचा नाही, आणि विद्यार्थ्याचा तर मुळीच नाही. जेथे पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात तेथे मार्गदर्शकही तयार होत नाहीत, आणि मार्गदर्शक नसले की पुढची पिढी त्या पदांसाठी पात्र होत नाही. मराठीसारख्या विषयात, महाराष्ट्राबाहेर, हे चक्र दोन पिढ्यांतच विभाग बंद पाडू शकते.

दुसऱ्या टोकाला प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस ही २०२२ ची योजना आहे. औपचारिक पदवी नसलेल्या, पण आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीला संस्था ठरावीक काळासाठी अध्यापनाला बोलावू शकते. लोककलावंत, संपादक, नाट्यकर्मी यांना वर्गात आणण्याचे हे दार आहे. मात्र पीएच.डी. आणि कायम नेमणूक या दोन अटी आड येत असल्यामुळे अशी व्यक्ती शोधप्रबंधाची मार्गदर्शक होत नाही. जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ असलेली बाई वर्गाला पुष्कळ देऊ शकते. तिचे देणे प्रबंधाच्या ऋणनिर्देशात एका ओळीत न संपवता, माहितीचा स्रोत म्हणून नावानिशी आणि तिच्या संमतीने नोंदवणे, हे मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला शिकवायचे असते.

नियमापलीकडची पात्रता

पदवी आणि विद्वत्ता यांचे नाते नेहमीच सरळ नसते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे बी.ए. होते. ते कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांनी प्रसिद्ध केलेल्या बावीस खंडांवर मात्र पुढे कितीतरी प्रबंध उभे राहिले. आजच्या नियमाने राजवाडे मार्गदर्शक ठरले नसते. यावरून नियम निरर्थक आहे, असे मात्र म्हणता येत नाही. नियम हजारो अध्यापकांसाठी केलेला असतो. ज्याने स्वतः प्रबंध लिहिला नाही त्याला प्रबंधाच्या वाटेवरचे खड्डे ठाऊक नसतील, एवढेच तो गृहीत धरतो. ते गृहीतक बहुतेक वेळा खरे असते.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. डॉ. वि. भि. कोलते यांनी नागपुरात अध्यापन केले, पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६७ मध्ये भोपाळला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही होते. महानुभाव साहित्य हे त्यांचे आयुष्यभराचे क्षेत्र. त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या साहित्याच्या अनेक पोथ्या सांकेतिक लिप्यांत आहेत. ती लिपी वाचता येणे, पोथ्यांतील पाठभेद तोलता येणे आणि पोथी सांभाळणाऱ्या माणसांचा विश्वास मिळवणे, या तीन गोष्टींशिवाय त्या क्षेत्रात पाऊल पडत नाही. नियमावलीत यांपैकी एकीचाही उल्लेख नाही आणि असू शकत नाही, कारण प्रत्येक विषयाची लिपी वेगळी असते.

आपल्या विद्यार्थिनीच्या विषयाची ‘लिपी’ कोणती? तिच्या मार्गदर्शकाला उच्चारांचे टिपण करता यायला हवे. नागपुरी आणि वऱ्हाडी यांतला फरक कानाने ओळखता यायला हवा. हिंदीचा प्रभाव कोठे शब्दापुरता आहे आणि कोठे तो वाक्यरचनेत शिरला आहे, हे सांगता यायला हवे. डॉ. अ. मा. घाटगे यांनी केलेले बोलींचे सर्वेक्षण आणि अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेले बोलींचे सर्वेक्षण त्याने पाहिलेले असावे. आणि जामसांवलीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे त्याच्या नकळत ध्वनिमुद्रित करू नये, एवढे भान त्याने विद्यार्थिनीला पहिल्याच दिवशी द्यावे.

यात एक धोकाही सांगितला पाहिजे. २०१८ च्या नियमावलीतील गुणांकनात पूर्ण झालेल्या प्रत्येक पीएच.डी.मागे मार्गदर्शकाला दहा गुण मिळतात. श्रमाची दखल म्हणून ते योग्यच आहे. पण गुण पदवी मिळाल्याचे आहेत. मसुदा किती वेळा वाचला, याचे नाहीत. म्हणून आठ विद्यार्थी घेण्याची परवानगी असली, तरी आठ जणांचे लेखन वाचण्याइतका वेळ आपल्यापाशी आहे का, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे.

विद्यार्थ्याने काय विचारावे?

मार्गदर्शक निवडताना आपल्याकडे विद्यार्थी संकोचतात. गुरूला प्रश्न कसे विचारायचे, असे त्यांना वाटते. नम्रपणे विचारलेल्या पुढील प्रश्नांचा कोणत्याही जाणत्या अध्यापकाला राग येणार नाही.

सर किंवा मॅडम, आपल्याला या विद्यापीठाची मार्गदर्शक म्हणून मान्यता आहे का, आणि सध्या जागा रिकामी आहे का? निवृत्तीला किती वर्षे आहेत? या विषयाजवळचे आपले कोणते लेखन मी आधी वाचावे? आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मला पाहता येतील का? माझ्या विषयातील जो भाग आपल्या अभ्यासाचा नाही, त्यासाठी सहमार्गदर्शक घेता येईल का? महिन्यातून किती वेळा भेटावे आणि लिहिलेले प्रकरण किती दिवसांत परत मिळेल?

यातील शेवटचा प्रश्न सर्वांत साधा आहे आणि अनुभवाने सर्वांत उपयोगी ठरतो.

अध्यापकांसाठीही एक गोष्ट. मध्यप्रदेशात २०२१-२२ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आहे. चार वर्षांच्या पदवीत शेवटच्या वर्षी संशोधनाचा पर्याय घेणाऱ्या विद्यार्थ्याला शोधप्रकल्प करावा लागतो. म्हणजे मार्गदर्शनाचे काम आता पीएच.डी.पर्यंत थांबत नाही, ते महाविद्यालयातच सुरू होते. पांढुर्णा-सौंसर भागातील शिक्षकाने एका विद्यार्थ्याकडून आपल्या गावातील शेतीचे शब्द, दुसऱ्याकडून पोळ्याच्या दिवसांतले शब्द, तिसऱ्याकडून मंदिराच्या रांगेतले संवाद संमतीने नोंदवून घेतले, तर पाच वर्षांत पुढच्या प्रबंधासाठी भक्कम सामग्री तयार होईल. त्या कामातून अध्यापकाचे स्वतःचे तीन शोधलेखही लिहून होतील आणि मार्गदर्शकाच्या मान्यतेची अट आपोआप पुरी होईल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद आपण सर्वांनी साजरा केला. पण जामसांवलीची ती विद्यार्थिनी ज्या आजीकडून शब्द टिपून घेणार आहे, तिचे वय वाढते आहे. मार्गदर्शक मिळायला दोन वर्षे लागली, तर त्या दोन वर्षांत कोणते शब्द गेले, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून नोंदणीची वाट न पाहता तिने आजच वही उघडावी; आणि आपल्यापैकी ज्याला मार्गदर्शनाचा अधिकार आहे, त्याने एक जागा अशा विषयासाठी राखून ठेवावी.